ताईंना बोलायला बॉनला बोलावलंय. आम्ही मैत्रिणींनी काय काय करावं?

पर्वतीपायथा
नमस्कार मंडळी. इथली जुनी वाचक आहे, धागा पहिल्यांदाच काढतेय.

पर्वतीच्या पायथ्याला आमच्या वस्तीत एक ताई बायकांचा संध्याकाळचा वर्ग चालवतात. सातवीनंतर त्यांची शाळा सुटली, लग्न झालं, मग धुणीभांडी आणि पोरं. पुढे १७ नंबरचा (बाहेरून परीक्षेला बसायचा) फॉर्म भरून दहावी केली. ज्या खोलीत स्वतः अभ्यास केला, त्याच खोलीत शेजारणींना शिकवायला बसल्या. आज वर्गात सही शिकायला आलेली आजी असते, फोनवरचा बँकेचा मेसेज स्वतः वाचता यावा म्हणून आलेली सून असते आणि नापास होऊन घरी बसलेल्या मुलीही असतात. ताई एक पैसा घेत नाहीत. सकाळची कामं अजून सुटलेली नाहीत.

जर्मनीत बॉनला प्रौढशिक्षणात काम करणाऱ्यांची एक बैठक आहे. वर्ग बघून गेलेल्या एका जर्मन बाईंनी ताईंचं नाव सुचवलं आणि चक्क निमंत्रण आलं. तिकीट, राहणं, जेवण त्यांच्याकडे. ताईंनी वीस मिनिटं स्वतःची गोष्ट सांगायची.

त्यांच्यामागे आम्ही चौघी आहोत. एक बँकेतून निवृत्त झालेली, एक शिवणकाम करणारी, एक कॉलेजातली पोरगी आणि मी. ओळखीच्या एका गृहस्थांनी मनापासून मदत म्हणून इंग्रजी भाषण लिहून दिलंय. ताई ते रोज पाठ करतात. पण म्हणताना त्यांचा आवाजच बदलतो, खांदे आखडतात. तेच आम्ही म्हटलं, "ताई, पहिल्या दिवशी वर्गात कोण कोण आलं होतं?" की बाई अशा रंगतात की चहा गार होतो.

माझं मत पक्कं आहे, मराठीतच बोलावं. पण ते तिकडे जमतं का? कागदपत्रांचं काय? आणि मैत्रिणी म्हणून आमच्या लक्षात न आलेलं काय असेल? मोकळेपणाने सांगा.

कोथरूडकर
ताईंचं मनापासून अभिनंदन! मराठी. विषय संपला.

गुळपोळी
विषय संपला कसा, कागदपत्रं कोण करणार? :) माझ्या नणंदेचं सगळं मीच केलंय, म्हणून सविस्तर लिहिते.

पासपोर्ट नसेल तर आजच ऑनलाइन अर्ज करा. मुंढव्याच्या पासपोर्ट सेवा केंद्राची वेळ मिळेल ती घ्या. दहावीचं प्रमाणपत्र जरूर जोडा, म्हणजे ईसीआरचा शेरा येत नाही. (तो आला तरी जर्मनीला भाषणासाठी जायला आडकाठी नसते. ठरावीक देशांत नोकरीला जाणाऱ्यांसाठी तो शेरा असतो. पण नसलेला बरा.)

खरी गाठ नावाची आहे. १७ नंबरच्या फॉर्मवर बहुतेक जुन्या दाखल्यावरचं, म्हणजे माहेरचं नाव असणार आणि आधारवर सासरचं. विवाह नोंदणी झाली नसेल तर महापालिकेच्या क्षेत्रीय कार्यालयात करून घ्या, लग्नाला कितीही वर्षं झाली असली तरी होते. तेवढ्याने भागलं नाही तर राजपत्रात नावाची नोंद करायची. यात आठवडे जातात, म्हणून हे आधी.

मग शेंगेन व्हिसा, म्हणजे जर्मनीसह युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा. अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो, शेवटची मुदत पंधरा दिवस आधी. तिथवर थांबू नका. पासपोर्टवर परतीच्या तारखेनंतर किमान तीन महिने शिल्लक हवेत. किमान ३०,००० युरोचा प्रवासी वैद्यकीय विमा लागतो. बोटांचे ठसे द्यायला स्वतः जावं लागतं, तेव्हा तुमच्यापैकी एकीने सोबत जा, निदान दारापर्यंत.

ताईंच्या नावावर आयकराचं विवरणपत्र नसणार, बँकेत फारसे पैसे नसणार. याने खचू नका. आयोजकांच्या पत्रात "प्रवास, निवास, भोजन, विमा सर्व आमच्याकडे" हे तारखांसकट स्पष्ट लिहून घ्या. तिकडचं कुणी यजमान असेल तर ते त्यांच्या परदेशी नागरिक कार्यालयात जाऊन खर्चाचं रीतसर हमीपत्र देऊ शकतात. त्याला वजन असतं. आणि ताई परत येणार हे दिसायला हवं. घर, मुलं, वर्ग यांचे कागद जोडा. ज्या घरी काम करतात त्यांच्याकडून रजेचं पत्र घ्या. ते द्यायला कुणी नाही म्हणणार नाही.

मुठाकाठ
गुळपोळी, वाचनखूण साठवली. असा प्रतिसाद छापून सेवा केंद्राबाहेर लावायला हवा.

सडेतोड
मी वेगळं लिहितो, राग मानू नये. या बैठका मी जवळून पाहिल्या आहेत. आपल्याकडून एखादी कष्टकरी बाई नेतात, ती रडते, सभागृह रडतं, टाळ्या होतात, फोटो निघतात. बाई परत येऊन त्याच खोलीत, त्याच पंख्याखाली शिकवते. विमानाच्या तिकिटाएवढ्या पैशात वर्गाचं वर्षभराचं भाडं निघेल. तेच मागून घ्या की!

पर्वतीपायथा
सडेतोड, रागाचं काही नाही, ही शंका आमच्यातल्या एकीनेही काढली होती. आयोजकांकडे तो पैसा प्रवासासाठीच आहे, तो भाड्याकडे वळत नाही, हे विचारून झालंय. आणि ताईंना जायचंय. दुसऱ्या देशात वाचायला न येणारी माणसं असतात का, त्यांना कसं शिकवतात, हे त्यांना बघायचंय. त्या फक्त सांगायला नाही, विचारायलाही चालल्यात.

राईनकाठी
असतात! मी बॉनजवळच राहते. इथे फोल्कसहोखशूले म्हणून लोकांसाठीच्या शाळा गावोगाव असतात, संध्याकाळी मोठी माणसं शिकायला येतात. अगदी जर्मन मातृभाषा असलेलीही, ज्यांचं लिहिणं-वाचणं शाळेत कच्चं राहिलं. ताईंना अशा वर्गात बसवायची जबाबदारी माझी. मी दुभाषी म्हणून शेजारी बसेन. आयोजकांना सांगून बैठकीनंतर एखादा दिवस जास्तीचा मागून घ्या, व्हिसाच्या तारखाही तशाच टाका.

जास्वंद
सडेतोड यांचा मुद्दा हलका नाही, पण आपल्या पुण्याचाच इतिहास आठवा.

आनंदीबाई जोशी अमेरिकेला पोचल्या त्या कुठल्या संस्थेच्या जोरावर? न्यू जर्सीतल्या रोझेल गावच्या थिओडोशिया कार्पेंटर यांनी दंतवैद्याकडे नंबर लागायची वाट बघताना एका मासिकात त्यांच्याबद्दलचा पत्रव्यवहार वाचला आणि सरळ पत्र पाठवलं. मग दोघींची पत्रं सुरू झाली. १८८३ मध्ये आनंदीबाई तिकडे उतरल्या तेव्हा या बाई घ्यायला हजर, आणि राहायलाही त्यांचंच घर. १८८७ मध्ये आनंदीबाई पुण्यात वारल्या, तेव्हा त्यांच्या अस्थी कार्पेंटरबाईंकडे पाठवल्या गेल्या. त्यांनी त्या आपल्या कुटुंबाच्या दफनभूमीत ठेवल्या. मैत्री याहून मोठी काय असते?

आनंदीबाईंच्या डॉक्टरकीच्या पदवीदानासाठी १८८६ मध्ये पंडिता रमाबाई इंग्लंडहून अमेरिकेत गेल्या. कॉलेजच्या प्रमुख डॉ. रेचेल बॉडली यांनी रमाबाईंच्या पुस्तकाला प्रस्तावना लिहिली. रमाबाई गावोगाव बोलल्या आणि १८८७ च्या डिसेंबरात बॉस्टनला त्यांच्या कामासाठी मंडळ स्थापन झालं. त्यातून १८८९ मध्ये मुंबईत शारदा सदन उघडलं, पुढच्याच वर्षी ते पुण्यात आलं. म्हणजे बोलण्यातून शाळा उभी राहते, सडेतोड.

आणि ताईंना सगळ्यात जवळच्या वाटतील त्या पार्वतीबाई आठवले. महर्षी कर्व्यांच्या पत्नी बाया यांची बहीण, हिंगण्याच्या विधवांच्या आश्रमात काम करणाऱ्या. विधवा, उशिरा शिकलेल्या, इंग्रजी जेमतेम. १९१८ मध्ये पन्नाशीला टेकलेल्या असताना अमेरिकेला गेल्या. तिथे लोकांच्या घरी कामं करून राहिल्या, भाषा शिकल्या, आश्रमाबद्दल सांगत फिरल्या. ताईंना त्यांच्याबद्दल वाचून दाखवा.

सडेतोड
जास्वंद, उत्तम लिहिलंत. पण अर्धंच सांगितलंत. त्याच शारदा सदनावर १८९३ मध्ये धर्मांतराच्या आरोपांवरून वादळ उठलं आणि पुष्कळ पालकांनी मुली काढून नेल्या. बाहेरून पैसा आला की घरचे लोक संशयाने बघतात, तेव्हाही आणि आत्ताही. ताई परत आल्यावर वस्तीत "हिला तिकडून किती मिळाले" ही कुजबुज होणार. मैत्रिणींनी याची तयारी केलीय का?

पर्वतीपायथा
नाही केलेली. हे फार महत्त्वाचं सांगितलंत. आजच बोलते चौघींशी.

हिशेबनीस
यावर माझ्या कामातलं सांगतो. ताईंचा वर्ग नोंदणीकृत संस्था आहे का? परदेशात कुणी भारावून "आम्हाला देणगी द्यायचीय" म्हणालं तर तिथल्या तिथे हो म्हणू नका, पाकीट घेऊ नका. शिक्षणकार्य चालवणाऱ्या संस्थेला परदेशी देणगी घ्यायची तर एफसीआरएची (परदेशी देणग्यांच्या कायद्याखालची) नोंदणी किंवा पूर्वपरवानगी लागते. पैसा दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या ठरलेल्या शाखेतल्या खात्यातच यावा लागतो. तिकडे राहणारा पण भारतीय पासपोर्ट असलेला माणूस आपल्या बचतीतून बँकेमार्फत देत असेल तर ती परदेशी देणगी धरत नाहीत. त्याने तिकडचं नागरिकत्व घेतलं असेल तर मात्र धरतात, मग तो नारायण पेठेत जन्मलेला का असेना.

ताईंनी एवढंच म्हणावं, "पुण्याला या, वर्ग बघा, मग बोलू." आणि परत आल्यावर एका संध्याकाळी वस्तीत सगळ्यांसमोर खर्चाचा कागद वाचून दाखवा. तिकीट कुणी काढलं, विमा कुणी भरला, हातात काय आलं. कुजबुजीला तोंड फुटायच्या आत.

सडेतोड
हिशेबनीस, अनुमोदन. कागद वाचून दाखवणार असाल तर माझा निम्मा विरोध मागे.

कोथरूडकर
उरलेला निम्मा जर्मन चॉकलेटने जाईल.

सडेतोड
बदाम घातलेलं आणा.

मुठाकाठ
मूळ प्रश्नाकडे येते. मी दुभाष्याचं काम करते, म्हणून भाषणाबद्दल सांगते.

मराठीत बोलणं अगदी जमतं. आयोजकांना आत्ताच लेखी कळवा की वक्त्या मराठीत बोलतील. तिकडे मराठी-जर्मन माणूस मिळाला तर उत्तम. नाहीतर मराठीतून इंग्रजी तुमच्याकडची कुणी करेल आणि पुढचं त्यांचे दुभाषी कानातल्या यंत्रावर करतील. एक मोठी गोष्ट लोक विसरतात. ताई बोलणार, थांबणार, मग दुभाषी बोलणार, म्हणजे वीस मिनिटांत ताईंची जेमतेम दहाच. एकतर चाळीस मिनिटं मागा, नाहीतर दहा मिनिटांचं बोलणं तयार करा. दहा मिनिटांत पूर्ण आयुष्य मावत नाही. दोन प्रसंग निवडा. पहिला वर्ग आणि कुठलाही एक.

सराव असा करा. ताई एक विचार पुरा बोलतील आणि थांबतील. मधेच वाक्य तोडून थांबलं की दुभाष्याची पंचाईत होते. कॉलेजातल्या पोरीने इंग्रजी करत शेजारी उभं राहायचं, आणि ताई "मी" म्हणाल्या की तिनेही "मी"च म्हणायचं, "ताई म्हणतात की" नको. १७ नंबरचा फॉर्म, भिशी, चाळीतला सार्वजनिक नळ, असं जे जे बोलण्यात येणार ते दुभाष्याला आधी पाठवून समजावून ठेवा. ताईंनी श्रोत्यांकडे बघायचं, दुभाष्याकडे नाही. हे अवघड जातं, घरीच सवय करा.

ते इंग्रजी भाषण लिहिणाऱ्या गृहस्थांना दुखवू नका. त्यांना दुभाष्यासाठी टिपण करून द्यायला सांगा. त्यांची मेहनतही वाया जाणार नाही.

अभिजात
सुरुवातीच्या दोन ओळी जर्मन घ्याव्यात असं मला वाटतं. "गुटन टाग" आणि आपलं नाव. पुढे मराठी.

राईनकाठी
"गुटन टाग" म्हणताना ताई हसल्या की अर्धं काम झालं. उच्चार मी व्हॉट्सअॅपवर पाठवते.

प्रवासाचं सांगते. मुंबई ते फ्रँकफर्ट विमान घ्या. विमानतळाला जोडलेल्या स्टेशनवरूनच लांब पल्ल्याची गाडी सुटते, सीगबुर्ग/बॉन स्टेशनला उतरायचं, साधारण चाळीस मिनिटं. तिथून ६६ नंबरची ट्राम बॉनला. पण यातलं काही ताईंना पाठ करायला लावू नका, मी विमानतळावर उभी असेन. एकट्या बाईला नव्या देशात पहिल्यांदा पाऊल टाकताना ओळखीचा आवाज हवा. बाकी पाट्या वाचायला आयुष्य आहे.

सामानात तूप, पेढे, खवा, लोणी काही नको. युरोपात बाहेरून दुधाचे पदार्थ आणि मांस आणायला बंदी आहे. आंबेही नकोत. थालीपिठाची भाजणी, मेतकूट, शेंगदाण्याची चटणी, कोरडं सगळं आणा. आणि जमलं तर माझ्यासाठी एक बाकरवडीचं पाकीट. :)

गुळपोळी
राईनकाठी, बाकरवडी हा तुमचा हमीपत्राचा खर्च समजायचा.

स्वानंदी
अवांतर: कर्वे रस्त्यावर गरम कपडे भाड्याने देणारं कुणी माहीत आहे का? नव्याने घ्यायला महाग जातात.

अभिजात
अवांतराला उत्तर: माझ्या आईचा जाड कोट आहे, दोनदाच घातलेला. भाडं नको, ताईंसाठी देतो.

शेवंता
मी या धाग्यावर रोज येतेय आणि लिहावं की नाही असं चाललं होतं. लिहितेच.

माझी आई अशाच एका कार्यक्रमात बोलायला गेली होती, परदेशात नाही, आपल्याच राज्यात. तिला सांगितलं होतं, अनुभव सांगा. ती बोलून आली, खूश होती. नंतर एका पुस्तिकेत तिचा फोटो आला, खाली बाबांच्या दारूबद्दल दोन ओळी. ती हे बोलली होती, पण त्या खोलीतल्या बायकांशी, विश्वासाने. ती पुस्तिका आमच्या गल्लीत आली. माझे बाबा तेव्हा दारू सोडून बसले होते. आईने त्यानंतर कुठेच बोलायचं नाही असं ठरवलं आणि ते पाळलं.

म्हणून सांगते. ताईंशी एकटीने, निवांत बसून ठरवा की काय सांगायचं आणि काय नाही. नवऱ्याबद्दल, सासूबद्दल, पोरांबद्दल. पोरांना विचारा, ती मोठी आहेत. वर्गातल्या बायकांच्या गोष्टी सांगणार असतील तर त्या बायकांना आधी विचारा, नाव बदला, चेहरे दिसणारे फोटो नकोत, मुलींचे तर नकोतच. आयोजकांकडून लिहून घ्या की चित्रण कुठे टाकणार आणि ताई "काढा" म्हणाल्या तर काढणार का. हे विचारण्यात उद्धटपणा नाही. चांगले आयोजक आनंदाने देतात.

आणि बोलताना मधेच गळा दाटला तर थांबायची मुभा आहे, पाणी प्यायची मुभा आहे, तो प्रसंग सोडून पुढे जायची मुभा आहे, हे ताईंना आधीपासून माहीत हवं. समोर पहिल्या रांगेत एक ओळखीचा चेहरा बसवा.

राईनकाठी
शेवंता, पहिल्या रांगेत मी. तुमच्या आईंना माझा नमस्कार सांगा.

मुठाकाठ
शेवंताचा प्रतिसाद धाग्यातला सगळ्यात मोलाचा. माझं दुभाष्याचं सगळं याच्यानंतर येतं.

सडेतोड
हेच मला म्हणायचं होतं आणि मला ते इतकं नीट म्हणता आलं नाही. धन्यवाद, शेवंता.

पर्वतीपायथा
काल रात्री ताईंना अख्खा धागा वाचून दाखवला. शेवंताच्या प्रतिसादाला त्या बराच वेळ गप्प होत्या. मग म्हणाल्या, "माझ्या माराची गोष्ट मी नाही सांगणार. ती माझी आहे. मी फळा कुठून आणला ते सांगणार." फळ्याची गोष्ट खरंच भारी आहे. जुन्या कपाटाचं दार, त्याला काळा रंग, आणि रंगाचे पैसे वर्गातल्या बायकांनी भिशीतून काढलेले. आता भाषण या दारापासून सुरू होणार. इंग्रजी भाषण लिहिणाऱ्या काकांनाही पटलं, ते दुभाष्यासाठी टिपण करतायत. पार्वतीबाई आठवल्यांचं ऐकून ताई म्हणाल्या, "म्हणजे धुणीभांडी करणारी बाई माझ्याआधीच जाऊन आली."

पण त्यांनी एक प्रश्न विचारला, त्याला आमच्याकडे उत्तर नाही. "मी तिकडे दहा दिवस, मग इथला वर्ग कोण घेणार? दहावीच्या पोरींची परीक्षा तोंडावर आहे. वर्ग बंद ठेवून मी वर्गाबद्दल बोलायला जाऊ?" यावरून त्या जायचंच रद्द करायला निघाल्यात.

जास्वंद
अगदी सावित्रीबाईंची लेक शोभते! १८५६ च्या ऑक्टोबरात आजारपणामुळे नायगावला असताना सावित्रीबाईंनी जोतीरावांना लिहिलेलं पत्र आहे. त्यात आपण तिकडे नसल्याने सोबत शिकवणाऱ्या फातिमावर कामाचा बोजा पडत असेल, पण ती कुरकुर करणार नाही, असं आहे. आपण आनंदीबाईंच्या कार्पेंटरबाईंबद्दल एवढं बोललो, पण मागे थांबून शाळा सांभाळणारी मैत्रीण हीसुद्धा पुण्याचीच.

कोथरूडकर
मी अभियंता, निवृत्त. दहावीचं गणित माझं. वेळ सांगा.

स्वानंदी
मी बालवाडीत शिकवते. सही आणि अक्षरं शिकणाऱ्या बायकांचा गट मी घेईन, सोमवार ते बुधवार. आधी ताईंच्या शेजारी बसून त्यांची पद्धत बघायला येऊ दे, माझी पद्धत आजींवर लादायची नाही.

सडेतोड
भूमिती कोथरूडकरांनी घ्यावी, इतिहास-भूगोल माझ्याकडे. मी सातारा रस्त्यावर राहतो, पाच मिनिटांत पोचेन. एक अट आहे. ताई आल्यावरही मी येत राहणार, दहा दिवसांपुरता पाहुणा म्हणून नाही.

शेवंता
गुरुवार-शुक्रवार मी. आईला विचारलं, तीही येते म्हणाली. तिला शिकवायला येत नाही, पण ती बायकांच्या लेकरांना बघेल, म्हणजे त्या निवांत लिहू शकतील.

हिशेबनीस
हजेरीची वही मी करतो. कुणी कधी घेतलं, कुठला धडा झाला. ताईंना आल्यावर पहिल्या पानापासून कळायला हवं.

पर्वतीपायथा
तुम्हा सगळ्यांचे प्रतिसाद ताईंना दाखवते. पत्ता आणि वेळ व्यक्तिगत निरोपाने कळवतेय. वर्ग संध्याकाळी साडेसातला, भांडी उरकल्यावर. स्वानंदी, शेवंता, तुम्ही उद्याच या, म्हणजे ताईंची ओळख होईल. सडेतोड, तुम्ही शनिवारी या. दहावीच्या पोरींनी आत्तापासूनच विचारलंय, नकाशे काढून घेणारे सर येणार का.

सडेतोड
येतो. महाराष्ट्राचा कोरा नकाशा माझ्याकडे भरपूर आहे. मुली किती आहेत तेवढं कळवा.